चार नंबरवर कोण उभं आहे

सोमवार, २० जून २०२२

आजपासून पेरुमल प्रेसिंग्ज. माझ्या यादीतला अकरावा पुरवठादार आणि सगळ्यात वाईट वासाचा. पाणी उतरून दहा आठवडे झाले, तरी भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला चिखलाची रेघ तशीच आहे. एप्रिलच्या पुरात गाड्यांचा मोठा कारखाना बुडाला आणि त्याला सुटे भाग देणारी प्रॉस्पेक्टन-इसिपिंगोतली ही लहान वर्कशॉपं त्याच्याबरोबर आडवी झाली. त्यांना पुन्हा उभं करणं हे माझं काम. पत्रावर 'पुरवठादार साहाय्य अधिकारी' असं भारदस्त छापलंय. इथली माणसं 'सिसी नोकु' म्हणतात, म्हणजे नोकुताई. पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारायला जात नाही.

मालक दयालन पेरुमल. वय पंचावन्न, पोट सुटलेलं, हातात कायम चहाचा मग. "मिस शांगे, तुम्ही आलात, आता आमचं भलं होणार," असं तीनदा म्हणाले. त्रेचाळीस माणसं, चार प्रेस. चार नंबरची सगळ्यात मोठी. सीटचा पाय गाडीच्या तळाला धरून ठेवणारी पोलादी पकड तिच्यावर बनते. १४ जुलैला चाचणी: दोन तासांत सहाशे पकडी, एकदाही न थांबता, माझ्यासमोर. जमलं तर ऑगस्टपासून काम सुरू. नाही जमलं तर काम परदेशी जाईल आणि त्रेचाळीस माणसं घरी बसतील.

एक गोष्ट चांगली. पत्रा दाबून भाग घडवायच्या जड डाय सगळ्या कोरड्या आहेत. कोणीतरी साखळीने ओढून माळ्यावर चढवून ठेवल्या होत्या. पुराच्या दिवशी संध्याकाळी मी चौदाही पुरवठादारांना फोन केले होते, डाय वर घ्या म्हणून. ज्यांनी ऐकलं ते वाचले. माझी पाठ दुसरं कोणी थोपटत नाही, म्हणून इथे मीच थोपटते.

बुधवार, २२ जून

माळ्यावरून डाय उतरवल्या. झुंगूबाबा देखरेखीला होते. एकतीस वर्षं प्रेसवर डाय बसवणारा माणूस, कान थोडे गेलेले, जीभ शाबूत. "सिसी, तुमचे बूट फार स्वच्छ आहेत. जरा चिखल लावू का?"

प्रत्येक डायला तारेने पत्र्याची चकती बांधलेली. तिच्यावर डायचा नंबर, '११/४' आणि 'एम. एम.' पेरुमल काल म्हणाले, तुमचा फोन यायच्या आधी, शनिवारीच माणसांनी वर चढवल्या होत्या. शनिवारी नऊ तारीख होती. अकरा म्हणजे सोमवार, पुराचा दिवस. झुंगूबाबांना विचारलं तर म्हणाले, "माझा चष्मा घरी राहिलाय." चष्मा त्यांच्या कपाळावर होता. तारीख लिहिताना चुकली असेल. शॉपवर तारखांची नेहमीच बोंब असते.

सोमवार, २७ जून

एक, दोन, तीन नंबर सुरू. चारवर घोडं अडलं.

प्रेसच्या तोंडाशी दोन खांब असतात आणि मधून न दिसणारे तीस किरण जातात. हात किंवा अंग आडवं आलं की दिवा लाल होतो आणि प्रेस जागच्या जागी थांबते. आम्ही त्याला पडदा म्हणतो. चार नंबरचा पडदा कोणी आडवं नसताना लाल होतो. पाच पकडी निघतात, लाल. दोन निघतात, लाल. चॅट्सवर्थहून इलेक्ट्रिशियन आला. त्याने नवा पडदा बसवला. तोही लाल. खांबाच्या छोट्या पाटीवर कुठले किरण तुटले ते दिसतं: सतरा ते बावीस. खालून मोजले तर छातीची उंची. डायच्या चकचकीत कडेवरून उजेड परतत असणार. उद्या काळी टेप लावते.

बुधवार, २९ जून

टेप लावली. लाल. दोन नंबरचा पडदा काढून चारवर लावला. लाल. चारचा दोनवर लावला, तिथे दिवसभर हिरवा. इलेक्ट्रिशियनने हात वर केले, डबा खाल्ला आणि गेला.

"खांब चांगले आहेत, सिसी," झुंगूबाबा म्हणाले. "जागाच भरलेली आहे."

"कशाने?"

"ते मला काय माहीत? मी नुसता डाय बसवणारा."

शुक्रवार, १ जुलै

आज घड्याळ घेऊन चार नंबरसमोर बसले. सकाळी सातपासून दहापर्यंत एकोणीस वेळा लाल. दहा ते सव्वादहा, चहाच्या सुट्टीत, मी स्वतः प्रेस चालवली. एकदाही नाही. सव्वादहाला पुन्हा लाल. जेवणाच्या अर्ध्या तासात हिरवा. चार वाजताचा भोंगा झाल्यावर हिरवा.

सुट्टीच्या वेळा पाळणारा बिघाड मी पहिल्यांदाच पाहतेय.

कारण उघड आहे. चहाच्या वेळी हवेचा कॉम्प्रेसर बंद करतात. त्याच्या हादऱ्याने खांब थरथरत असणार. सोमवारी त्याच्याखाली रबर घालू. मी दर गुरुवारी लाल ब्लाऊज घालून चर्चच्या बायकांबरोबर प्रार्थनेला जाणारी बाई आहे. असल्या गोष्टींनी मला घाम फुटत नाही. आज फुटला, पण शॉपमध्ये हवाच खेळत नाही.

मंगळवार, ५ जुलै

रबराने काही झालं नाही. चाचणीला नऊ दिवस. पेरुमलांच्या मगातला चहा आता तसाच गार होतो. त्रेचाळीस जणांत एकाच घरातली तिघं आहेत, नवरा, बायको आणि बायकोची बहीण. कालपासून ती बहीण माझ्याकडे बघतच नाही.

दुपारी चार नंबर चालवणारी फिंडिले माझ्यापाशी आली. तोंडाची फटकळ बाई. "सिसी, रागवू नका. मला माझ्या पद्धतीने चालवू द्या. नाही जमलं तर हसा."

मग ती डावीकडे पाऊलभर सरकली आणि रिकाम्या जागेला म्हणाली, "सावुबोना, खाबाझेला. थोडं बाजूला हो, मला पत्रा ठेवू दे."

दिवा हिरवा झाला. तासाभरात तीनशे दहा पकडी, एकदाही लाल नाही. कोणी हसलं नाही. मीही नाही.

सावुबोना म्हणजे नमस्कार आणि खाबाझेला हे म्खिझे घराण्यातल्या माणसाला मानाने हाक मारायचं नाव. "कोण म्खिझे?" मी विचारलं.

"मुझी. चार नंबर त्याचीच होती." फिंडिलेने हातमोजे काढले. "पुरात गेला. कार्यालयात सांगितलं नाही तुम्हाला?"

पेरुमलांना विचारलं. मुझी म्खिझे, चौतीस वर्षांचा, कामावरून घरी जाताना वाहून गेला म्हणाले. तीन दिवसांनी इसिपिंगोच्या खाडीत सापडला. "फार चांगला माणूस. मी स्वतः नदीत त्याच्या नावाने दूध सोडलं." हे सांगताना त्यांनी चहा सांडला.

माझं मत असं की फिंडिले डावीकडे सरकली आणि तिच्या कोटाची चमकणारी पट्टी किरणांपासून दूर गेली. एवढंच. नाव घेतल्याने तिचं मन शांत होत असेल तर घेऊ दे.

गुरुवार, १४ जुलै

पास! सहाशे पकडी, एक तास त्रेपन्न मिनिटं, शून्य थांबे. शेवटची पकड निघाली तेव्हा माणसं नाचली. पेरुमलांनी सगळ्यांना बीन्स भरलेला पाव मागवला, मला मटणाचा. मी फॉर्म तिथेच भरला. 'पुराच्या काळात आवारात कोणी जखमी अथवा मृत?' नाही. सही ठोकली.

सुरू करताना फिंडिलेचा आवाज बसला होता, म्हणून रिकाम्या जागेला 'सावुबोना, खाबाझेला' मीच म्हणाले. चाचणी होती, धोका कशाला घ्यायचा?

सोमवार, १८ जुलै

मागणी वाढणार म्हणून पेरुमलांनी पाळी दोन तासांनी वाढवली, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. चारपर्यंत सगळं सुरळीत. चारनंतर चार नंबर लाल. फिंडिलेने विनवलं, लाल. पाटीवर किरण बारा ते सोळा.

खांब खाली सरकला असेल. पट्टी लावून मोजला. सरकला नव्हता.

मंगळवार, १९ जुलै

आज सकाळपासूनच लाल. नऊ ते तेरा. दुपारी पाच ते नऊ. फिंडिले हातमोजे फेकून रडायला लागली. "आता तो उभा नाहीये, सिसी. टेकलाय. खाली बसतोय. त्याला झेपत नाहीये आणि तुम्ही पाळी वाढवता?"

पेरुमल धावत आले. "चालत होतं ना? मग चालव ना बाई! तूच त्याला सांग, थोडेच दिवस!"

'त्याला' म्हणाले. ते स्वतः. मी त्यांच्याकडे पाहिलं तशी त्यांनी मान फिरवली. इथे कुठेतरी पाणी मुरतंय हे मला बावीस जूनलाच कळायला हवं होतं.

झुंगूबाबांना मागच्या अंगणात गाठलं. म्हणाले, "चष्मा आहे आज माझ्याकडे. विचारा."

पुराच्या सोमवारी चारला सगळे घरी गेले. साडेपाचला पेरुमलांनी झुंगूबाबांना फोन केला, डाय वर चढवायच्यात, कोण येईल? झुंगूबाबांचा पाय मुरगळला होता. मुझी जवळच खोली घेऊन राहायचा. तो एकटा आला आणि साखळीवर अकरा डाय त्याने एकट्याने चढवल्या. पाणी आलं तेव्हा चार नंबरची डाय साखळीला लटकत होती. ती वर पोचली. तो नाही. झुंगूबाबांनी दुसऱ्या दिवशी त्याचे बूट चार नंबरखाली पाहिले होते. "कामगार खात्याला कळलं तर टाळं लागेल, त्रेचाळीस घरं बसतील, असं साहेब म्हणाले. आम्ही सगळे गप्प बसलो. त्याची आई फाटकाशी येऊन विचारून गेली, माझं पोर त्या दिवशी इथे होतं का? मीच म्हणालो, नाही, मा. मी म्हणालो."

"म्हणून?"

"म्हणून ती फांदी घेऊन खाडीवर गेली. खाडीत नुसतं अंग होतं, सिसी."

मला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. माणूस घराबाहेर वारला की घरचे लोक तो जिथे गेला तिथे जातात. हातात बोरीसारख्या काटेरी झाडाची फांदी असते. त्याला नावाने हाक मारतात, फांदीवर बसवतात आणि घरी आणतात. फांदी धरणारा वाटेत जिवंत माणसाशी एक शब्द बोलत नाही, बोलतो तो फक्त त्याच्याशी. माझ्या आजोबांना आत्याने असंच खाणीवरून आणलं होतं. चुकीच्या जागी हाक मारली तर फांदी रिकामी येते आणि माणूस तिथेच राहतो.

म्हणजे असं लोक मानतात.

पेरुमलांनी साडेपाचला फोन केला. मी त्यांना पाच वाजून वीस मिनिटांनी केला होता. आज फोनमधली नोंद काढून पाहिली. पण डाय वर घ्या हे सांगणं माझं कामच होतं. भर पावसात एकटा माणूस पाठवा असं मी म्हटलं नव्हतं.

बुधवार, २० जुलै

उंबुंबुलूला जाऊन आले. मुझीची आई, मा झोंडी, शेतात अमाडुम्बे, म्हणजे अळूचे कंद, खणत होती. आपल्या धडधाकट हातांनी तिने एकेक कंद झटकला, टोपलीत टाकला, आणि मी बोलत होते तोवर माझ्याकडे पाहिलं नाही. मी सगळं सांगितलं. माळा, साखळी, बूट, चार नंबर.

टोपली भरल्यावर ती म्हणाली, "फांदी हलकी होती. मी दिराला म्हणाले, ही रिकामी आहे. तो म्हणाला, वहिनी, दुःखाने तुमचे हात बधिर झालेत. बकरा कापला. तीन महिने झाले, एकदा स्वप्नात येत नाही. मला वाटलं, माझ्यावर रुसलाय." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्याला कामाला लावलंय?"

मी हो म्हणाले.

"पगार लागत नाही म्हणून?"

पैशांचं, वकिलाचं मी बोलू पाहिलं. तिने हाताने थांबवलं. "ते नंतर. तो सांगितलेलं काम अर्धं टाकून येणारा नाही, लहानपणापासून हट्टी. ज्याने ज्याने बोलावलं त्याने त्याने समोर उभं राहून त्याला सोडायला हवं. कोणी बोलावलं?"

"पेरुमल साहेबांनी," मी म्हणाले.

"आणखी कोणी?"

मी म्हणाले, मालक तेच आहेत. तिने उकडलेल्या अमाडुम्बे मिठाबरोबर पुढे ठेवल्या. मी चार खाल्ल्या. परतताना घाटात गाडी थांबवून फोनमधली ती नोंद पुन्हा पाहिली. पाच वीसच.

गुरुवार, २१ जुलै

माझा फॉर्म मागे घेतला. 'नाही'च्या जागी 'होय' लिहिलं. 'डाय हलवण्याची सूचना कोणाची?' हा रकाना सध्या मोकळा ठेवलाय. माझ्या कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला, आवाज बर्फासारखा. मंजुरी थांबली. माझ्या नोकरीचं सोमवारी बघतील.

पेरुमलांना हे सांगताना वाटलं होतं मला हाकलून देतील. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तीन महिने मी चार नंबरकडे पाठ करून चालतोय, मिस शांगे. मान दुखते." कामगार खात्याचा अपघाताचा कागद त्यांनी स्वतः भरला. तपासणीला लोक मंगळवारी येतील आणि चार नंबरला सील लागेल. मोठा कारखाना तीन आठवडे वाट पाहू म्हणतोय, तोंडी. झुंगूबाबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. शिव्या पडल्या, त्यातल्या बऱ्याच मला. फिंडिले म्हणाली, "शिव्या द्या, पण उद्या टोप्या काढून उभे राहा."

शुक्रवार, २२ जुलै

हे सगळं एका दमात लिहितेय, नाहीतर उद्या मी यालाही काहीतरी कारण शोधीन.

जेवणाच्या सुट्टीआधी मा झोंडी आली, हातात फांदी. फाटकातून आत आल्यावर ती कोणाशी बोलली नाही. चार नंबर चालू ठेवली होती. दिवा लाल, पाटीवर किरण एक ते तीन. जमिनीलगत.

पेरुमल पुढे झाले. त्यांनी बूट काढले. "मुझी, मी तुला बोलावलं. पाणी चढतंय हे मला माहीत होतं. काम झालं. जा बाबा, घरी जा." आणि हा एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर हमसून रडला. दिवा लालच.

झुंगूबाबा म्हणाले, "मी तुझ्या आईशी खोटं बोललो." लालच.

फक्त प्रेसची घरघर. मला वाटलं, सगळे माझ्याकडे बघतायत, पण मान वर केली तर बघत नव्हते. त्रेचाळीस माणसं, त्यांच्यासमोर मी अधिकारी. मी म्हणाले, "साहेब जे बोलले, तेच माझंही."

दिवा हिरवा झाला.

स्वस्तात सुटले, असं वाटलं मला. हेही लिहून ठेवते.

मा झोंडीने फांदी जमिनीला टेकवली. "चल, खाबाझेला. चल रे माझ्या हट्टी माणसा. आता दारातून बाहेर पडतोय. पायरी आहे, सांभाळ." टॅक्सीत त्याच्या जागेचं वेगळं भाडं द्यायचं असतं. तिने सुटे पैसे मुठीत धरले होते. मी माझ्या गाडीचं दार उघडलं. तिने क्षणभर विचार केला, पुढचं दार उघडून थोडी थांबली, बंद केलं आणि स्वतः मागे बसली.

गाडी फाटकातून निघाली आणि टिंग टिंग वाजायला लागलं. शेजारच्या सीटवर माणूस बसलाय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असं गाडी सांगत होती. सीटवर काही नव्हतं. पर्स नव्हती, फाइल नव्हती. मी हाताने चाचपलं. वाजणं थांबेना.

"मुझी," मागून मा झोंडी म्हणाली, "पट्टा लाव बाळा. ही बाई घाबरते."

मी हात लांबवून रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवला. वाजणं थांबलं. मग उंबुंबुलूपर्यंत मी चाळीसच्या वर गेले नाही. मागून तिचा आवाज येत राहिला. "ही एझिम्बोकोद्वेनी नदी, आपण पुलावर आहोत, खाली बघू नकोस. आता मांझिमतोती. आता चढ. ते बघ, शाळा."

अंगणात नातेवाईक उभे होते. मा झोंडी उतरली, माझ्या शेजारचं दार उघडलं, फांदी सीटला टेकवली. "उतर, मुझी. घर आलं."

ती थांबली. पुन्हा म्हणाली. मग फांदी तशीच धरून उभी राहिली आणि हळूहळू तिची नजर माझ्यावर आली. तिला माझ्याशी बोलता येत नव्हतं.

तो माझ्या पट्ट्यात अडकला होता.

"मुझी," मी म्हणाले. "मुझी, फोन आधी मी केला होता. पाच वीसला. डाय वर घ्या म्हणाले. कोण जाईल, कसा जाईल, हे मी विचारलं नाही, कारण मला फक्त डायची काळजी होती. तुझ्या आईलाही मी हे सांगितलं नाही. मला माफ कर. डाय कोरड्या आहेत, सगळ्या. उतर आता."

मी खटका दाबला. पट्टा सरकन आत गेला. मा झोंडीने फांदी उचलली, माझ्याकडे न पाहता वळली, आणि त्याला पायरी दाखवत घरात घेऊन गेली.